एरिया कसा आहे?

लेकीला वाघोलीत फ्लॅट घ्यायचाय हे कळल्याबरोबर सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत वाघोलीचे तज्ज्ञ तयार झाले. तळमजल्यावरचे काका लक्ष्मी रोड ओलांडून पलीकडे जायचं तरी परगावी निघाल्यासारखे सगळ्यांना सांगून निघतात. त्यांनी ‘तिकडं रात्री-अपरात्री काही खरं नाही’ असा निकाल देऊन टाकला. वरच्या वहिनींच्या भाच्याची मोटरसायकल ‘त्याच बाजूला’ चोरीला गेली होती. नेमकी कुठं, असं खोदून विचारल्यावर ते चंदननगर निघालं. आमच्या पेठेतून पाहिलं की येरवड्याच्या पुलापलीकडचं सगळं एकच गाव दिसतं.

प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच. एरिया कसा आहे? सेफ आहे ना? जागा घेताना बाकी सगळ्याची खातरजमा करता येते. कार्पेट मोजता येतो, हप्ता काढता येतो, वकील सर्च रिपोर्ट देतो, महारेराच्या साइटवर नंबर टाकला की बिल्डरनं कबूल केलेली ताब्याची तारीख दिसते. एरिया कसा आहे याचा दाखला कुठल्याच कार्यालयात मिळत नाही. मग माणसं ज्याला त्याला विचारत सुटतात, आणि ज्याच्या त्याच्या भाच्याचं काहीतरी चोरीला गेलेलं असतं.

वाघोली लेकीनं हौसेनं निवडली असंही नाही. तिचं ऑफिस खराडीत. खराडीत ज्या पैशांत एका बेडरूमवर भागवावं लागतं, त्यात नगर रस्त्यानं आणखी पुढं गेलं की दोन बेडरूम आणि एक बाल्कनी पदरात पडते. हा हिशोब हजारो जणांनी केला आणि गाव बघता बघता आकाशात वाढलं. मुळात गाव जुनं. वाघेश्वराचं देऊळ, थोरल्या बाजीरावांच्या काळातले सरदार पिलाजीराव जाधवराव इथले. पुढं वाघोली ओळखली जाऊ लागली ती दगडखाणींमुळं. १९९३च्या किल्लारीच्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेनं हजाराहून अधिक मुलं शिकायला पुण्याला आणली, ती इथंच. डोक्यावरचं छप्पर कोसळलेल्या पोरांसाठी सुरक्षित जागा म्हणून कुणीतरी वाघोली निवडली होती, हे मला तळमजल्यावरच्या काकांना सांगायचं होतं. पण तोवर ते पाण्याच्या टाकीच्या विषयाकडे वळले होते.

३० जून २०२१ला पुणे महापालिकेत २३ गावं आली, त्यात वाघोली आली. त्याआधी पोलिसांच्या लेखी ती लोणीकंद ठाण्याची, म्हणजे पुणे ग्रामीणची. २०२१मध्येच लोणीकंद ठाणं शहर आयुक्तालयाला जोडलं गेलं आणि २०२४मध्ये शहराला सात नवी ठाणी मिळाली तेव्हा वाघोलीला स्वतःचं ठाणं आलं. मेट्रो मार्च २०२४पासून रामवाडीपर्यंत धावते. तिथून पुढं वाघोलीपर्यंतच्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळानं जून २०२५मध्ये मंजुरी दिली. डेव्हलपिंग एरिया म्हणतात तो हा. ग्रामपंचायत गेलेली, महापालिका पूर्ण पोचलेली नाही, डीपी रोड नकाशावर आहे आणि जागेवर कुणाचा तरी ऊस नाहीतर पत्र्याची शेड. बिल्डर भाव लावतो तो येणाऱ्या मेट्रोचा आणि होणाऱ्या रस्त्याचा. पण भाव उद्याचा असला तरी घरी परतायची रात्र आजची असते, एवढं गणित मला सुरुवातीपासून खटकत होतं.

साइट दाखवणारा मुलगा चुणचुणीत होता. ‘एकदम फॅमिली क्राउड आहे मॅडम, सगळे आयटीवाले. थ्री टिअर सिक्युरिटी. गेटला अ‍ॅपवर एन्ट्री, लॉबीला गार्ड, दाराला व्हिडिओ डोअर फोन.’ सॅम्पल फ्लॅटच्या गारव्यात ते ऐकायला बरं वाटत होतं. मी विचारलं, ‘रात्री नऊनंतर बस स्टॉपवरून गेटपर्यंत चालत यायचं झालं तर?’ तो खरोखरच बुचकळ्यात पडला.

‘चालत कोण येतं मॅडम?’

त्याच्या त्या एका वाक्यानं मला वाघोलीबद्दल माहितीपत्रकाच्या चाळीस पानांपेक्षा जास्त सांगितलं. चालत येणारी माणसं कोण, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. स्वयंपाकाच्या बाई येणार, धुणंभांड्याच्या बाई येणार, स्वतः वॉचमन येणार. कॅब बिघडली किंवा ड्रायव्हरनं ‘आत वळवत नाही’ म्हणून फाट्यावरच सोडलं, त्या दिवशी आमची लेक येणार. पण सोसायटीची सुरक्षा त्याच्या मते गेटच्या आत सुरू होत होती. गेटपर्यंत पोचणं हा ग्राहकाचा खासगी प्रश्न.

आमचे हे बँकेतून निवृत्त झालेले. आकडा मिळाला नाही तर यांना झोप लागत नाही. गुन्ह्यांचा आकडा मिळवायचाच या जिद्दीनं ते बसले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा वार्षिक अहवाल काढला, तर त्यात पुणे शहर म्हणून एकच ओळ. त्या ओळीत सदाशिव पेठही आली आणि वाघोलीही. मग त्यांना कळलं की सर्वोच्च न्यायालयानं २०१६मध्ये दिलेल्या आदेशामुळे नाजूक प्रकरणं वगळता एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकाव्या लागतात. झालं. रोज सकाळी चहाबरोबर ठाण्यानुसार एफआयआर. पासबुकाचा मेळ घालावा तशा भक्तिभावानं त्यांनी वहीत रकाने आखले. दुचाकी चोरी. मोबाइल हिसकावला. पार्टटाइम जॉबच्या नावाखाली ऑनलाइन गंडा. शेजाऱ्यांची मारामारी. आणि मधूनमधून येत राहणारी जोडी, कलम २८१ आणि १०६. भारतीय न्याय संहितेत २८१ म्हणजे बेदरकारपणे गाडी हाकणं आणि १०६ म्हणजे हलगर्जीपणानं कुणाचा तरी जीव घेणं. जुन्या दंडसंहितेतली २७९ आणि ३०४-अ.

मी त्या वहीकडे जरा संशयानंच पाहत होते. ठाणं लांब लोणीकंदला असताना फोन चोरीला गेला म्हणून कोण कामाचा दिवस मोडत होतं? ठाणं जवळ आलं की तक्रारी वाढणार, आणि वहीत एरिया बिघडलेला दिसणार. शिवाय बंद दाराआड, व्हिडिओ डोअर फोनच्या अलीकडे जे चालतं, त्यातलं किती त्या संकेतस्थळावर येत असेल? तरी वहीचा एक उपयोग झाला. चोर आणि दरोडेखोरांच्या कल्पनेनं आम्ही निघालो होतो आणि रकान्यांत गाड्यांखाली सापडलेली माणसं पुन्हा पुन्हा येत होती.

खराडी-वाघोली म्हटल्यावर माझ्या वयाच्या पुणेकर बाईला जे आठवतं ते मलाही आठवत होतं, आणि ते लेकीसमोर बोलायचं मी टाळत होते. ऑक्टोबर २००९मध्ये खराडी बायपासवरून घरी निघालेल्या एका सॉफ्टवेअर इंजिनिअर तरुणीचं अपहरण, बलात्कार आणि खून झाला. मुख्य आरोपी कॅबचालक होता. २०१७मध्ये पुण्याच्या न्यायालयानं तिघांना फाशी सुनावली. खराडीच्या त्या घटनेच्या दोन वर्षं आधी, २००७ला, रात्रपाळीला निघालेल्या बीपीओतल्या मुलीचा घास घेणाराही तिला न्यायला आलेल्या कंपनीच्या कॅबचाच ड्रायव्हर होता. तेव्हापासून रात्री शेवटची उतरणारी बाई एकटी नको, बरोबर गार्ड हवा, असे नियम कंपन्यांच्या तोंडी रुळले. या दोन्ही घटनांत एरिया वाईट होता असं म्हणायची आपल्याला सवय लागली. पण त्या मुली ज्यांच्या गाडीत बसल्या ते अंधारात दबा धरून बसलेले अनोळखी गुंड नव्हते. सुरक्षित पोचण्याची सोय म्हणून जे उभं केलेलं असतं, त्याच व्यवस्थेतले ते होते. लेकीला हे सगळं माहीत होतं, हे मला नंतर समजलं. ती कॅबमध्ये बसल्या बसल्या नंबर प्लेटचा फोटो मैत्रिणीला पाठवते, मैत्रीण तिला. त्यावर आमच्या घरात कधी चर्चा झाली नव्हती, एवढंच.

जागा रविवारी सकाळी अकराला बघायची असते, असा कुणीतरी नियम करून ठेवलाय. आम्ही एका कामाच्या दिवशी संध्याकाळी मनपावरून वाघोलीची बस धरली. हे, मी आणि ऑफिसातून परस्पर आलेली लेक. केसनंद फाट्याच्या अलीकडे उतरलो तेव्हा साडेनऊ होत आले होते.

नगर रस्ता ओलांडणं हाच पहिला धडा. ट्रक, कंटेनर, त्यांच्या मधून उलट्या बाजूनं शांतपणे येणाऱ्या दुचाक्या, दिवे नसलेल्या. आतल्या रस्त्याला लागलो तशी जरा जान आली. मेडिकल उघडं होतं. गिरणी चालू होती, भुवयांपर्यंत पीठ माखलेला गिरणीवाला कुणाला तरी ‘ज्वारी उद्या’ म्हणून परत पाठवत होता. पोळी-भाजी केंद्रासमोर पाठीला सॅक लावलेली पोरं-पोरी मोबाइलमध्ये बघत रांगेत उभी. अंडाभुर्जीची गाडी, तिच्याशेजारी इस्त्रीवाला, पलीकडे मारुतीच्या पारावर चार म्हातारे. गर्दी होती, उजेड होता, कांद्याच्या फोडणीचा वास होता. लेक म्हणाली, ‘आई, इथं तर लक्ष्मी रोडपेक्षा जास्त बायका आहेत आत्ता.’ खरंच होत्या. तोपर्यंत आमच्याकडची दुकानं शटर ओढून मोकळी झालेली असतात.

मग दुकानं संपली आणि पत्रे सुरू झाले.

बिल्डर प्लॉटभोवती मारतात ते निळे उंच पत्रे. एका बाजूला आमच्या थ्री टिअर प्रकल्पाच्या पुढच्या टप्प्याचे, समोर दुसऱ्या कुणाचे. पत्र्यांवर पोहणाऱ्या गोऱ्यागोमट्या मुलांची चित्रं. खांब होते, दिवे नव्हते. रस्त्याची एकच बाजू काँक्रीटची झालेली, दुसरी तिच्यापेक्षा वीतभर खाली. कडेला ना पट्टा ना दगड, त्यामुळे ती कड पायाला लागल्यावरच कळत होती. पत्र्यांना खिडक्या नसतात. म्हणजे त्या पट्ट्यात तुम्ही ओरडलात तर ऐकायला दोन्ही बाजूंना कुणी नाही. आहेत ती कुत्री, आणि ती आपल्या बाजूची असतीलच असं नाही. मधेच मागून डंपर आला. मागचा दिवा नाही, ताडपत्री नाही, वरून खडी गळतेय. फुटपाथ नव्हताच, आम्ही तिघं पत्र्याला पाठ लावून उभे राहिलो. हे काही बोलले नाहीत, पण २८१ त्यांच्या मनात आलं असणार.

याच केसनंद फाट्याजवळ डिसेंबर २०२४मध्ये मध्यरात्रीनंतर एका डंपरनं फुटपाथवर झोपलेल्या माणसांना चिरडलं होतं. कामाच्या शोधात अमरावतीकडून आलेली कुटुंबं होती ती. तिघांचा जीव गेला, त्यात दोन तर तान्ही म्हणावीत अशी लेकरं. ‘वाघोली सेफ आहे का’ असं विचारणाऱ्यांपैकी एकानंही मला या घटनेबद्दल विचारलं नव्हतं. ती एरियाच्या खात्यात जमा झालीच नाही, कारण मेलेली माणसं फ्लॅट घेणाऱ्यांपैकी नव्हती.

पत्र्यांच्या शेवटी, प्रकल्पाच्या मागच्या अंगाला मजुरांच्या खोल्या होत्या. पत्र्याच्याच. बाहेर चुली, दोरीवर कपडे, एका बल्बखाली पाटी घेऊन बसलेली मुलगी. आमच्यासारखंच जागा बघायला आलेलं एक जोडपं गाडीतून उतरून वॉचमनला विचारत होतं, ‘हे लेबर कॅम्प कधी हलणार?’ पझेशनच्या आत हलणार, असं त्यांना सांगितलं गेलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण कमी झालेला मी पाहिला. जूनच्या २९ तारखेची, २०१९ची मध्यरात्र मला आठवली. कोंढव्यात एका सोसायटीची सीमाभिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ माणसं गेली. सोसायटीनं सुरक्षेसाठीच भिंत बांधलेली असते. कोणापासून कोणाला धोका आहे, हे आपण फारच ठामपणे ठरवून बसलो आहोत असं मला वाटतं. मजूर रात्री काय करतील याची काळजी आपण करतो. आपल्या घराच्या पायासाठी खणलेल्या खड्ड्याच्या काठावर त्यांना झोपायला लावतो, त्याची करत नाही.

वॉचमन हिंगोलीकडचा होता. रात्रपाळीला एकटाच, बारा तास. चहाची विचारपूस केल्यावर मोकळा झाला. ‘चोरी-बिरी काही नाही मॅडम. भांडणं असतात, पार्किंगची. अन् कुत्र्यांची. एक मॅडम खायला घालतात, दुसरे सर काठी घेऊन येतात.’ कॅमेरे किती आहेत विचारलं तर म्हणाला, सोळा. चालू किती, ते ऑफिसवाल्याला माहीत. तुझी सुट्टी झाल्यावर तू या रस्त्यानं कसा जातोस, असं लेकीनं त्याला विचारलं. ‘टॉर्च लावून पळतच जातो,’ तो हसून म्हणाला, ‘कुत्री ओळखतात आता, पण गाडीवाले नाही ओळखत.’

परत फिरताना पारापाशी भाजी आवरत असलेल्या एका बाईंकडून मेथी घेतली. मूळ गावच्या. जमीन कधीच विकलेली, पण सवय म्हणून बसतात. त्यांना म्हटलं, आम्ही त्या आतल्या स्कीममध्ये जागा बघतोय. त्यांनी सुतळीची गाठ मारता मारता मान हलवली.

‘बघा की. पर पावसाळ्यात येऊन बघा बाई. आत्ता काय दिसतंय?’

‘का हो?’

‘वढा हाय तिथं. पत्रं मारल्यात म्हणून दिसंना. आमचं जितराब तिथंच पाण्यावर जायचं.’

घरी येऊन यांनी गाव नकाशा काढला. आता तो ऑनलाइन दिसतो. गट नंबर जुळवले, आणि निळसर वाकडी रेघ त्या पुढच्या टप्प्याच्या कोपऱ्यातून सरळ गेलेली होती. माहितीपत्रकात त्या कोपऱ्यात ज्येष्ठ नागरिकांसाठी बाग दाखवली होती. नदीला तरी निळी आणि लाल रेषा आखलेली असते, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ओढ्याकडे एवढं कोण बघतं? २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्यानं कात्रजपासून खाली जे केलं, ते आमच्या पेठेतल्या माणसांनी दुसऱ्या दिवशी डोळ्यांनी पाहिलंय. वर्षभर गटारासारखा वाहणारा ओढा एका रात्रीत कित्येक जीव घेऊन गेला. घरात शिरलेल्या त्या पाण्याला गेटवर कुणी अ‍ॅपवर एन्ट्री मागितली नव्हती.

पाण्याचं आणखी एक. पालिकेचं पाणी पोचेपर्यंत पुरवठा मी करीन, असं हमीपत्र बिल्डर लिहून देतो आणि सोसायटी टँकरवर चालते. टँकर कुठल्या विहिरीवर भरतो, हे विचारणारं गिऱ्हाईक साइट ऑफिसनं पूर्वी पाहिलं नसावं. जानेवारी २०२५मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला नांदेड, किरकटवाडी, धायरी, नांदोशी या भागांत जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सापडत गेले. पुणे परिसरात संशयितांचा आकडा दोनशेवर गेला आणि बोट दूषित पाण्याकडे दाखवलं गेलं. हीही पालिकेत नव्यानं आलेली गावं. या आजारात धडधाकट माणसाच्या पायांतली ताकद जाते आणि प्रसंगी तो व्हेंटिलेटरवर पोचतो. त्या भागात ज्यांनी फ्लॅट घेतले त्यांनीही घेताना एरिया सेफ आहे ना, असं विचारलं असेलच, आणि उत्तर होकारार्थीच मिळालं असेल.

हे सगळं मी जेवताना बोलून दाखवलं तेव्हा हे म्हणाले, ‘मग काय, पेठेतच राहायचं का सगळ्यांनी?’ पेठ तरी कुठली एवढी सुरक्षित? २७ जून २०२३ची सकाळ आमच्या गल्लीतलं कुणी विसरलेलं नाही. पेरूगेट चौकीपासून हाकेच्या अंतरावर एका तरुणानं कोयता घेऊन कॉलेजच्या मुलीचा पाठलाग केला. ती जीव घेऊन धावली. वार तिच्या डोक्यात बसणार तोच स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका मुलानं मधे पडून कोयता धरला, मग आणखी मुलं धावली. बाहेरगावाहून आलेली, कॉट बेसिसवर राहणारी, चहाच्या टपरीवर तासन्‌तास चालू घडामोडी घोकणारी मुलं ही. त्यांच्याविषयी आमच्या इमारतीच्या प्रत्येक वार्षिक सभेत तक्रार असते. जिन्यात बसतात, मोठ्यानं बोलतात, गाड्या आडव्या लावतात, ‘पेठेचं वातावरण बिघडवलं’. तळमजल्यावरच्या काकांनी तर टपरी हटवण्यासाठी अर्ज दिला होता. त्या सकाळी टपरीवर कुणी नसतं तर काय झालं असतं, याचा विचार काकांनी केला की नाही माहीत नाही; अर्ज मात्र मागे घेतला नाही.

शेवटी लेकीनं थ्री टिअरवाली जागा सोडली. माझ्या भाषणांमुळे सोडली असा माझा दावा नाही. ओढ्याची रेघ पाहून यांनीच नकार दिला, आणि यांचा नकार म्हणजे कर्ज खात्याचा नकार, त्यावर अपील नाही. तिनं घेतली ती अलीकडची, गिरणी आणि पोळी-भाजी केंद्राच्याच रांगेतली सात मजली इमारत. भोगवटापत्र मिळालेली, निम्मी भरलेली. खाली दुकानं, पहिल्या मजल्यावर दाताचा दवाखाना. पोहण्याचा तलाव नाही, क्लब हाऊस नाही. दाखवणाऱ्या मुलाच्या मते ‘रीसेलला जरा मार खाईल मॅडम, खाली शॉप्स आहेत ना, पब्लिक येतं.’ पब्लिक येतं म्हणूनच तिला ती हवी होती. ऑफिसची कॅब त्या दुकानांसमोर थांबते, मेडिकलवाला साडेअकराला बंद करतो, भुर्जीवाला बाराला. तिच्या बाल्कनीतून पार दिसतो आणि पारावरून तिची बाल्कनी दिसते. ‘म्हातारे माझ्या येण्या-जाण्यावर लक्ष ठेवतील,’ असं ती कुरकुरली, आणि लगेच म्हणाली, ‘ठेवू देत.’ हे कुरकुरणं अगदीच पोकळ नाही. लक्ष ठेवणारे डोळे उशिरा येणाऱ्या मुलीबद्दल मत बनवायलाही उशीर करत नाहीत. एकटी राहते, कोण येतं-जातं, याची चर्चा गिरणीवर होणार. ते ओझंही त्या घराच्या किमतीत धरायला हवं, आणि ते माझ्यापेक्षा तिला जास्त चांगलं कळतं.

एप्रिलमध्ये ताबा मिळाला. मेच्या पहिल्या वळवात आम्ही मुद्दाम जाऊन रस्ता पाहिला. घोट्यापर्यंत पाणी होतं, तासाभरात ओसरलं. यांनी वहीत नोंद केली. पत्र्यांच्या पट्ट्यातले दिवे अजून लागलेले नाहीत. लेकीनं आणि त्या हिंगोलीच्या वॉचमननं मिळून पालिकेच्या तक्रार अ‍ॅपवर खांबांचे फोटो टाकलेत. तक्रार ‘निकाली’ म्हणून बंद झाली, ती त्यांनी पुन्हा उघडली.

सध्या इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वेगळंच पेटलंय. दुकानांच्या बाजूला उघडणारं छोटं फाटक कायमचं बंद करावं, खालच्या दुकानांना नऊच्या आत शटर ओढायला सांगावं, आणि भुर्जीची गाडी हटवण्यासाठी पालिकेला पत्र द्यावं, असा प्रस्ताव आलाय. मथळा आहे ‘लेडीजच्या सेफ्टीसाठी’. मांडणारे सद्गृहस्थ आहेत, दोन मुलींचे वडील आहेत, त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. लेकीनं रात्री साडेनऊचे, साडेदहाचे आणि साडेअकराचे रस्त्याचे फोटो टाकून विचारलं की यातला कुठला रस्ता तुमच्या मुलींना चालेल. त्यावर कुणीतरी हात जोडलेले तीन इमोजी पाठवले आणि विषय लिफ्टमध्ये डिलिव्हरी बॉयना बंदी करण्याकडे गेला. फाटकावर मतदान चालू आहे, रविवारपर्यंत मुदत. आत्तापर्यंत एकवीस विरुद्ध नऊ. आम्ही नवांत आहोत, आणि दातांच्या डॉक्टरीणबाई अजून विचार करतायत.